नियम सहीपुरता नको

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या, की महाराष्ट्रातील हजारो घरांत बांधाबांध सुरू होते. कुणी लातूरहून पुण्याला निघतो, कुणी रत्नागिरीहून मुंबईला, कुणी गोंदियाहून नागपूरला. सोबत गादीची वळकटी असते, आईने भरून दिलेला चिवडा-लाडूचा डबा असतो आणि कागदपत्रांची फाइल असते. प्रवेशाच्या खिडकीपाशी ती फाइल उघडली जाते आणि लिपिक बोट ठेवील तेथे सह्या होत जातात. त्यांतील एका कागदावर असे लिहिलेले असते, की मी वसतिगृहात वा आवारात मद्यपान करणार नाही, अन्य कोणत्याही मादक पदार्थाचे सेवन करणार नाही आणि तसे आढळल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील. मुलगा सही करतो. त्याखाली वडील सही करतात. दोघांपैकी कुणीही तो कागद वाचलेला नसतो. लिपिकालाही तो वाचला जावा अशी अपेक्षा नसते. मागे रांग मोठी असते!

विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयी आपल्या विद्यापीठांत नियम नाहीत असे नव्हे. नियम आहेत, आणि ते पुरेसे कडकही आहेत. उणीव आहे ती त्या नियमामागे उभ्या राहणाऱ्या माणसांची. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. आणि हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे तो अशासाठी, की असा एक नियम मी स्वतः लिहिला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

एका पाटीची गोष्ट

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या अधीक्षकपदाची जबाबदारी माझ्याकडे होती. ग्रामीण भागांतून आलेली मुले, बहुतेकांची परिस्थिती बेताची. शिस्तीचा मी आग्रही होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. प्रवेशद्वाराशी असलेल्या फळ्यावर मी स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवले होते, 'मद्यप्राशन आढळल्यास तत्काळ हकालपट्टी. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.'

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या रात्री चार मुलांनी खोलीत दारू आणली. त्यांतील एकाने आयुष्यात प्रथमच घेतली होती आणि इतरांच्या बरोबरीने घेतली होती. मध्यरात्रीनंतर त्याला उलट्या झाल्या आणि तो निपचित पडला. सोबत्यांनी त्याचे तोंड पुसले, त्याला उताणे निजवले, दिवा मालवला आणि ते घाबरून अंधारात बसून राहिले. माझी खोली खालच्या मजल्यावर होती. पन्नास पायऱ्याही नव्हत्या. त्या पायऱ्या कुणी उतरले नाही.

पहाटे साडेचारच्या सुमारास पाण्याची टाकी भरायला वर गेलेल्या पहारेकऱ्याने बेसिनपाशी घाण पाहिली, दार वाजवले आणि धावत येऊन मला उठवले. मुलाच्या घशात घरघर लागली होती. रिक्षातून आम्ही त्याला रुग्णालयात नेले. उलटी श्वासनलिकेत गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आणखी तासभर गेला असता तर सांगता आले नसते, असेही ते म्हणाले. मुलगा वाचला. मी त्या तिघांना विचारले, "मला का उठवले नाही?" एकाने खाली मान घालून उत्तर दिले, "सर, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला काढून टाकलं असतं."

आणि मी नेमके तेच केले. नियम तो नियम. वडील पहिल्या एसटीने आले. अंगावर घडी न उलगडलेला पांढरा सदरा होता. ट्रंक उचलताना ते एवढेच म्हणाले, "चूक त्याचीच आहे सर. पण आता ह्याला घेऊन मी जाऊ कुठं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. शहरात भाड्याची एक खोली पाहून दिली गेली. तेथे अधीक्षक नव्हता, प्रार्थना नव्हती, रात्री हजेरी नव्हती. पुढच्या वर्षी त्याने शिक्षण सोडल्याचे कानावर आले.

माझा नियम चुकीचा होता काय? मद्यपानास बंदी हा भाग तेव्हाही योग्य होता, आजही आहे. चुकले ते एवढेच, की त्या नियमाने मुलांना पिण्यापासून रोखले नाही, पण मदत मागण्यापासून मात्र रोखले. या एका वाक्यात मला जे कळले ते कळायला एक मूल मरणाच्या दारात जावे लागले.

कायदा काय सांगतो?

या विषयाची चर्चा निघाली की एक आक्षेप हमखास पुढे येतो. अठरा वर्षांचा तरुण मतदान करतो, देशाचे सरकार निवडतो. मग त्याने काय प्यावे हे ठरवणारे विद्यापीठ कोण? यास 'मोरल पोलिसिंग' असे एक तयार नावही पुरोगामी मंडळींनी देऊन ठेवले आहे.

वस्तुतः महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा प्रश्न नीतीचा होण्याआधी साध्या कायद्याचा आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही या राज्यात लागू आहे. त्यानुसार मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, ही गोष्ट रोज पिणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस कडक मद्य देता येत नाही आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बियरसुद्धा देता येत नाही. पदवीच्या वर्गांत बसणारी बहुसंख्य मुले अठरा ते एकवीस या वयोगटातील असतात. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला दारू पिण्याचे 'स्वातंत्र्य' विद्यापीठाने हिरावून घेतले, असे म्हणण्यास जागाच उरत नाही. ते स्वातंत्र्य कायद्याने त्याला दिलेलेच नाही. या कायद्याच्या मुळाशी आपल्या घटनेचे ४७ वे कलम आहे. आरोग्याला अपायकारक असणाऱ्या मादक पेयांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते कलम सांगते. ऊठसूट घटनेचा हवाला देणाऱ्यांच्या भाषणांत हे कलम सहसा येत नाही, हा योगायोग समजावा काय?

दुसरा आक्षेप असा, की मद्यपान ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. एकट्याच्या घरात हे एक वेळ मानता येईल. वसतिगृहाची खोली मात्र तिघांची असते. एकाने प्यायची ठरवली की उरलेल्या दोघांनी रात्र जागून काढायची, त्याची घाण काढायची, सकाळी पेपर द्यायचा आणि वर 'भाऊ, तूही घे ना' हा आग्रह सोसायचा. त्या न पिणाऱ्या मुलाचे काही स्वातंत्र्य आहे की नाही? विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरोधी विनियम केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मद्यधुंद वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीत एकोणीस वर्षांच्या कनिष्ठ विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. दारू आणि रॅगिंग यांचे नाते वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. नको म्हणणाऱ्याच्या हाती पेला देणे ही मैत्री नव्हे. तीही एक प्रकारची रॅगिंगच आहे.

'सगळेच पितात', हा तिसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत खोटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणारे सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का आढळले. याचा अर्थ असा, की दर पाच पुरुषांतील चार पीत नाहीत. हे चार जण बोलत नाहीत आणि एकाचा गलबला ऐकू येतो, इतकेच. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते. आपले सोबती प्रत्यक्षात पितात त्यापेक्षा कितीतरी अधिक पितात, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा समज होता आणि त्या समजापायीच ते स्वतः पिऊ लागत. न पिणाऱ्या बहुसंख्यांना आपण बहुसंख्य आहोत हे कळू देणे, हे संस्काराचे निम्मे काम आहे.

अमेरिकेचे अर्धेच अनुकरण

आपल्याकडील तरुणाईला बियरचा कॅन हातात धरणारा अमेरिकन विद्यार्थी चित्रपटांतून दिसतो. त्याच अमेरिकेचा कायदा मात्र तिला कुणी दाखवत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याची ती पंढरी मानली जाते. तेथे १९८४ साली केंद्रीय कायदा झाला. मद्य खरेदीचे किमान वय एकवीस न करणाऱ्या राज्याच्या महामार्ग-निधीत कपात करण्याची तरतूद त्यात होती. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ते वय स्वीकारले. एक मुलगी मद्यधुंद वाहनचालकामुळे गेली आणि तिच्या आईने १९८० साली उभारलेल्या मातांच्या संघटनेने त्यासाठी लोकमत तयार केले होते. आयांनी ठरवले तर सरकारला वाकावे लागते, हा धडा आपल्या भगिनींनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

१९८९ च्या आणखी एका कायद्याने, केंद्रीय मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला मद्य व अमली पदार्थांविषयीचे नियम, त्यांचे दुष्परिणाम आणि उपचाराची सोय यांची माहिती दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी देणे बंधनकारक झाले. दर दोन वर्षांनी या नियमांचे फलित तपासणेही सक्तीचे झाले. आपल्या किती विद्यापीठांनी आपल्या मद्यविषयक नियमांचे फलित एकदा तरी तपासले आहे?

अमेरिकेने प्रश्न सोडवला, असा याचा अर्थ नव्हे. तेथे आजही महाविद्यालयीन वयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी दरवर्षी मद्याशी निगडित कारणांनी प्राण गमावतात, असा तेथील राष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. २००८ साली शंभरावर विद्यापीठप्रमुखांनी, एकवीसच्या मर्यादेमुळे पिणे चोरून आणि अधिक घातक झाले आहे, तेव्हा या वयाचा पुनर्विचार व्हावा, अशी मागणी केली. वय बदलले नाही. मात्र त्यांच्या एका म्हणण्यात तथ्य होते. केवळ बंदी घातली की पिणे अंधारात जाते.

१९९७ साली एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेतील अठरा वर्षांचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी, नव्यांच्या स्वागताच्या नावाखाली झालेल्या मद्यपानात गेला. तो विद्यार्थ्यांच्या एका खासगी मंडळाच्या निवासात राहात होता. पुढे संस्थेने त्याच्या कुटुंबाशी साठ लाख डॉलरचा समझोता केला आणि २००२ पासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना संस्थेच्याच वसतिगृहात राहणे सक्तीचे केले. नवख्याला बाहेर सोडू नये, आपल्या छपराखाली ठेवावे, हे शहाणपण त्यांना एक जीव देऊन आले. मी माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या नेमके उलट, छपराबाहेर काढले होते.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाने आणखी एक नियम केला. मद्यामुळे बेशुद्ध झालेल्या मित्रासाठी जो मदत मागेल त्याच्यावर आणि त्या मित्रावर त्या प्रसंगापुरती शिस्तभंगाची कारवाई होणार नाही; समुपदेशन मात्र घ्यावे लागेल. पुढील अभ्यासात मदतीसाठी येणारे दूरध्वनी वाढलेले आढळले. या सवलतीमुळे पिण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. हे वाचले तेव्हा मला ते तिघे अंधारात बसलेले विद्यार्थी आठवले.

वसतिगृह म्हणजे लॉज नव्हे

अमेरिकेचा दाखला दिला तो, तिकडचेच प्रमाण मानणाऱ्यांसाठी. आपल्या मातीत याहून सखोल परंपरा आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, ती निव्वळ निवासाची सोय नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. तेथे मुले स्वतः राबत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. या वसतिगृहांत अधीक्षक हा पालक होता आणि विद्यार्थी हा त्या कुटुंबाचा घटक होता. कुटुंबात नियम असतो, पण नियम मोडला म्हणून कुणी मुलाला ट्रंकेसह रस्त्यावर ठेवत नाही.

आजच्या काळात हे शक्य आहे काय, असे विचारणाऱ्यांनी सेवाग्रामकडे पाहावे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आचारसंहितेत खादी आहे, श्रमदान आहे, सर्वधर्म प्रार्थना आहे आणि मद्यवर्ज्यताही आहे. प्रवेश मिळालेले विद्यार्थी प्रथम आश्रमातील शिबिरात राहतात. पुढे एखादे गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी उचलतात. गांधीविचाराशी कुणाचे कितीही मतभेद असोत, या रचनेतील शहाणपण मान्य करावेच लागेल. तेथे मद्यबंदी हा फळ्यावर एकाकी टांगलेला नियम नाही. तो एका जीवनपद्धतीचा भाग आहे. सकाळी श्रमदान आणि दुपारी खेड्यातील रुग्ण अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याला 'नको' म्हणण्यासाठी कारण सापडते. संध्याकाळी सहानंतर ज्याच्यापुढे रिकामी खोली आणि मोबाइलचा पडदा याशिवाय काही नाही, त्याला ते कारण कोण देणार? शाखेच्या मैदानावर घाम गाळलेल्या स्वयंसेवकांना हे निराळे सांगायला नको.

पुण्याची ती पहाट

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालवणारा सतरा वर्षांचा होता. बारावीच्या निकालानंतर मित्रांसह मद्यालयांत बसून तो निघाला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा देश हळहळला आणि चिडला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय काय ते ठरवील. परंतु ज्या राज्यात मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे तेथे सतरा वर्षांच्या मुलांपुढे पेले ठेवले गेले, मोटारीची किल्ली घरून मिळाली आणि नंतर सारे सावरून घेण्यासाठी मोठी माणसे धावली, असे जे चित्र तपासातून उभे राहिले, ते एका मुलाच्या अपराधाहून मोठे आहे. त्या साखळीतील प्रत्येक कडी प्रौढ माणसाची होती.

शासनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, मग ते कुणाचेही असो. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन आघाडी सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास संमती दिली, तेव्हा समाजातून विरोध झाला आणि तो योग्यच होता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची अधिक भर अपेक्षिली. शुल्क वाढले तर पिणे महागेल, हे खरे. परंतु राज्याच्या तिजोरीला या पैशाची सवय लागली, की पिणारे कमी व्हावेत अशी इच्छा धरणे तिजोरीला परवडेनासे होते. या रकमेतील एक लहानसा वाटा तरी विद्यापीठांतील समुपदेशन आणि व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवा, अशी मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे का करू नये? ते आपलेच आहेत, म्हणून तर ती अधिक हक्काने करता येईल.

काय करता येईल?

विद्यापीठांनी काय करावे, याविषयी काही सूचना अनुभवातून सुचतात.

पहिली अशी, की हमीपत्र खिडकीवर घेऊ नये. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात पालक आणि विद्यार्थी यांना एकत्र बसवून नियम मराठीत वाचून दाखवावा, त्यामागील कायदा आणि वैद्यकीय कारण सांगावे आणि मग सही घ्यावी. मेंदूची घडण साधारणतः पंचविशीपर्यंत चालू राहते. मद्य हा कर्करोगकारक पदार्थ असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दिला आहे आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. हे मुलांना भीती घालण्यासाठी सांगू नये, माहिती म्हणून सांगावे.

दुसरी सूचना, कारवाईला पायऱ्या असाव्यात. पहिल्या वेळी पालकांना बोलावणे आणि समुपदेशन, दुसऱ्या वेळी ठरावीक काळ सेवाकार्य आणि वसतिगृहातील काही सवलती बंद, आणि वसतिगृहातून काढणे हा अखेरचा उपाय असावा. मात्र जो दारू आणून विकतो, कनिष्ठांना पाजतो वा पिऊन कुणावर हात टाकतो, त्याला पायऱ्या नकोत. तेथे पोलिसच हवेत. नियम मुलांना आणि मुलींना सारखाच असावा. मुलीची चूक अधिक मोठी धरून तिचे शिक्षण थांबवणे, हा न्याय नव्हे.

तिसरी सूचना माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मदत मागणाऱ्यास अभय द्यावे. 'मित्राची प्रकृती बिघडली तर कोणत्याही वेळी अधीक्षकांना उठवा, त्या कारणाने कुणालाही काढले जाणार नाही,' ही ओळ प्रत्येक वसतिगृहाच्या फळ्यावर बंदीच्या ओळीइतक्याच ठळक अक्षरांत असावी.

चौथी, अधीक्षक आवारात राहणारा असावा आणि प्रत्येक पंचवीस-तीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक असावा. ज्याला सवय लागली आहे त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहिले जावे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी हे मार्ग आपल्याला दाखवून ठेवले आहेत. त्यांच्याशी प्रत्येक विद्यापीठाने कायमचा संबंध जोडावा. आणि शेवटची सूचना, दर दोन वर्षांनी या साऱ्याचा अहवाल जाहीर व्हावा.

येथे आपल्या क्षेत्रातील काही उत्साही मंडळींना एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. २००९ साली मंगळूरच्या एका पबमध्ये घुसून तरुणींना मारहाण करण्यात आली. संस्कृतिरक्षणाच्या नावाने झालेल्या त्या प्रकाराने संस्कृतीचे काहीही रक्षण झाले नाही. उलट व्यसनाविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर ते उदाहरण फेकले जाऊ लागले. ज्याला आपण मारतो तो आपले ऐकत नाही. ज्याच्या दुखण्यात आपण जागतो तो ऐकतो.

आरसा घरातला

सारी जबाबदारी विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होणार असू, तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. ज्या वडिलांनी हमीपत्रावर सही केली, त्यांच्या घरच्या लग्नात वरातीपूर्वी गाडीच्या डिकीत काय ठेवलेले होते? एकतीस डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर मुलांसाठी शीतपेय आणि मोठ्यांसाठी 'थोडेसे' असे दोन वेगळे टेबल मांडले जातात, तेव्हा मूल कोणत्या टेबलाकडे पाहत मोठे होते? 'आमचे फक्त सोशल ड्रिंकिंग' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत आता अभिमानाने उच्चारले जाते. दारू पिणे म्हणजे मोठे होणे, हा पहिला पाठ मूल घरातच घेते. वसतिगृहात ते केवळ उजळणी करते. मुलाला घातलेली बंदी आपणही स्वीकारायची तयारी असेल, तरच त्या सहीला वजन येईल.

कार्यकर्त्यांसाठीही एक साधे काम आहे. आपल्या नगरात, आपल्या वस्तीशेजारी वसतिगृह असते किंवा भाड्याच्या खोल्यांत राहणारी बाहेरगावची मुले असतात. आपण त्यांच्याकडे पाहतो ते बहुधा त्यांच्या मोटारसायकलींच्या आवाजाची तक्रार करण्यापुरते. यंदाच्या दिवाळीत प्रत्येक कुटुंबाने अशा दोन मुलांना फराळाला बोलवावे. दुसऱ्या महिन्यात पुन्हा बोलवावे. उपदेश करू नये, जेवू घालावे. परक्या शहरात रात्री अकरा वाजता ज्याला फोन करता येईल असे एक घर ज्या मुलापाशी आहे, त्याचे पाऊल वाकडे पडले तरी ते परतण्याची शक्यता अधिक.

१९०८ साली याच पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने तरुण स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले होते. येणाऱ्याला हात जोडून ते परत फिरवीत. सरकारचा महसूल बुडू लागला तेव्हा त्यांच्यावर खटले भरले गेले. त्या तरुणांनी कुणालाही वाळीत टाकले नाही. ते केवळ दुकान आणि माणूस यांच्या मध्ये उभे राहिले. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच वयाच्या तरुणांना त्याच दुकानापासून परत फिरवण्यासाठी आज मध्ये कुणी उभे आहे काय, हा प्रश्न विद्यापीठाला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारला पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाला त्या दिवशी मी उत्तर देऊ शकलो नाही. आज देता येते. "कुठेही जाऊ नका. ट्रंक खाली ठेवा. याला येथेच ठेवून घेऊ आणि यातून बाहेर काढू." ज्या दिवशी आपल्या विद्यापीठांचे नियम हे उत्तर देऊ शकतील, त्या दिवशी हमीपत्रावरील सहीला अर्थ येईल.